रकाने कोणी आखायचे?

(गोंदिया येथे कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेवर या सत्राचा विषय 'डेटाबेस आणि सिस्टिम ॲनालिसिस' असा छापला आहे. हिंसाचार, जमिनीचे हक्क, रोजगार या विषयांच्या रांगेत हा विषय परका वाटणे साहजिक आहे. मी समाजकार्य शिकलेली आहे, संगणकशास्त्र नव्हे. तरीही मी हा विषय मागून घेतला, कारण आपल्यातल्या अनेक गटांनी सल्ला केंद्रांच्या वह्या संगणकावर चढवायचे ठरवले आहे. काहींनी सॉफ्टवेअर करून देणाऱ्यांशी बोलणीही सुरू केली आहेत. या बोलण्यांत आपण गप्प बसतो. "ते तांत्रिक आहे, त्यांना कळते" असे म्हणतो. माझे म्हणणे असे की, त्यातले सर्वांत महत्त्वाचे काम तांत्रिक नाहीच. कोणाची नोंद करायची, कोणत्या नावाने करायची आणि कोणती गोष्ट नोंदवायचीच नाही हे ठरवणे हे ते काम. ते आपण केले नाही तर दुसरे कोणीतरी करणार, आणि ते आपल्याला विचारून करणार नाही.

आधी शब्दांची भीती काढून टाकू. डेटाबेस म्हणजे आखलेल्या वह्यांचा संच. १९७० मध्ये आयबीएम कंपनीतले संशोधक एडगर कॉड यांनी एक निबंध लिहिला आणि माहिती तक्त्यांमध्ये कशी मांडावी याचे नियम दिले. आडव्या ओळीत एका माणसाची किंवा एका वस्तूची नोंद, उभ्या रकान्यात एकेक गुण, आणि प्रत्येक ओळीला तिची अशी एक खूण, की जिच्यावरून ती ओळ दुसरीत मिसळणार नाही. या खुणेला 'की', म्हणजे किल्ली म्हणतात. एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहायची, दहा ठिकाणी नाही, हाही त्यातलाच नियम. बँका, रेल्वे, सरकारी खाती, दुकाने यांची बहुतेक माहिती आज याच पद्धतीने ठेवलेली असते.

बचत गटात हिशेब लिहिणाऱ्या बाईला हे नवे नाही. सभासदांची यादी वेगळी, बचतीचे पान वेगळे, कर्जाचे पान वेगळे आणि सभासदाचा क्रमांक तिन्हीकडे तोच. गटात दोन सुनीता असल्या तरी कर्जाची परतफेड चुकीच्या सुनीताच्या नावावर पडत नाही, कारण आपण क्रमांक पाहतो. म्हणजे डेटाबेसचा अर्धा धडा आपल्या हाताला आधीच येतो.

सिस्टिम ॲनालिसिस म्हणजे रकाने आखण्यापूर्वी काम प्रत्यक्षात कसे चालते ते समजून घेणे. आपल्याकडच्या राईस मिलचे उदाहरण घ्या. मिलचा हिशेब संगणकावर आणायचा असेल तर नुसते मालकाच्या केबिनमध्ये बसून भागत नाही. काट्यापाशी उभे राहावे लागते. पोती कोण मोजते, धानाचा ओलावा कोण पाहते, पावती आधी फाटते की माल आधी उतरतो, कोंडा आणि कणी यांचा हिशेब कोणत्या वहीत जातो, हे पाहावे लागते. मालक सांगतो ती पद्धत आणि काट्यावर चालते ती पद्धत यांत फरक असतो. चांगला विश्लेषक तो फरक शोधतो. मात्र व्यापारी प्रकल्पात एक गोष्ट ठरलेली असते. पैसे देणारा मालक आहे, म्हणून मालकाला जे मोजायचे आहे तेच शेवटी मोजले जाते. मिल झाडणाऱ्या बाईला कोणी विचारत नाही, कारण तिचा प्रश्न कुणाच्याच रिपोर्टात नसतो.

आता मिलमधून बाहेर पडून सरकारी वह्यांकडे येऊ. तिथेही हाच प्रश्न आहे आणि तिथे आपल्या पोटाचा संबंध आहे.

पहिला मुद्दा, ओळ कोणाची? महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने ग्रामीण भागातल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीला काम मागण्याचा हक्क दिला होता. हक्क व्यक्तीचा, म्हणजे बाईची ओळ तिची स्वतःची. २००५ मध्ये केंद्राचा रोजगार हमी कायदा आला. त्यात वर्षाला १०० दिवसांची हमी होती, पण ती कुटुंबाला. जॉबकार्ड कुटुंबाचे, क्रमांक कुटुंबाचा आणि दिवसही कुटुंबाच्या खात्यातले. नवरा शंभर दिवस कामावर गेला तर बायकोच्या वाट्याला काही उरत नसे. नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या बाईला कामाआधी आपण वेगळे कुटुंब आहोत हे पटवून देण्याचे काम करावे लागे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा केला. दिवस १२५ झाले, पण मोजण्याचे एकक कुटुंबच राहिले. वर्तमानपत्रांत चर्चा दिवसांची होते. एकक कोणते, हे फारसे कोणी विचारत नाही. संगणकाच्या भाषेत सांगायचे तर किल्ली बदलली की हक्कही बदलतो.

दुसरे उदाहरण आपल्या बांधीतले. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२. सातमध्ये जमीन कोणाची ते असते, बारामध्ये पीक कोणते ते असते. पऱ्हे कोणी उपटले, रोवणी कोणी केली, निंदण कोणी काढले याला या दोन्ही नमुन्यांत जागाच नाही. कागदाच्या काळात हे निदान एका कागदापुरते होते. आता तोच सातबारा पुढच्या सगळ्या संगणकीय याद्यांचा पाया झाला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. ॲग्रिस्टॅक योजनेतला शेतकरी ओळख क्रमांक सातबाऱ्यावरच्या खातेदाराला मिळतो, आणि १५ एप्रिल २०२५ पासून राज्याच्या कृषी योजनांसाठी तो क्रमांक सक्तीचा केला गेला. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने शेतकऱ्याची व्याख्या चांगली रुंद केली होती. तीत शेतमजूर होते, वाटेकरी होते, कुळे होती. धोरणाच्या पुस्तकात रोवणी करणारी बाई शेतकरी आहे. डेटाबेसमध्ये तिची ओळ नाही, म्हणून ती शेतकरी नाही. कोणी तिला जाणूनबुजून वगळले असे नव्हे. जुना तक्ता घेतला आणि त्यावर नवा चढवला, एवढेच झाले. त्या पायरीवर जो प्रश्न विचारायला हवा होता तो कोणी विचारला नाही.

तिसरा मुद्दा नावाचा. पुरुषाचे नाव जन्मापासून मरेपर्यंत एकच असते, असे धरून बहुतेक तक्ते आखलेले असतात. आपले तसे नाही. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, बँकेत कधी तिसरेच. लग्नात पहिले नावही बदलणारी घरे आहेत. संगणक दोन याद्या नाव जुळवून पाहतो, तेव्हा त्याच्या लेखी या दोन बायका असतात, किंवा एकही नसते. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने शासकीय कागदपत्रांवर आईचे नाव लावण्याचा निर्णय घेतला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव असा क्रम ठरला. त्याचे स्वागतच आहे. पण विवाहित बाईच्या स्वतःच्या नावाची पद्धत त्यात तशीच ठेवली: तिचे नाव, मग नवऱ्याचे, मग आडनाव. मुलाच्या ओळीत आई आली. आईच्या ओळीत मात्र नवरा आहे तिथेच आहे.

चौथा मुद्दा रिकाम्या रकान्याचा, आणि तो आपल्यापैकी प्रत्येकीने अनुभवला आहे. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासून सुरू झाली. २१ ते ६५ वयाच्या, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या बाईला महिना १,५०० रुपये. पात्रतेच्या यादीत विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार अशा सगळ्यांची नावे स्पष्ट लिहिली होती. मग सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आले. त्यात बाईच्या आधारबरोबर, ती विवाहित असेल तर नवऱ्याचा आणि अविवाहित असेल तर वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. नवरा वारलेला आहे, घटस्फोट झाला आहे, वडील हयात नाहीत, अशा बायका फोन हातात घेऊन त्या रकान्यापाशी अडकल्या. नोव्हेंबरात मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली गेली आणि अशा बायकांनी स्वतःचे ई-केवायसी करून मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचे कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यावेत अशी सोय केली गेली. पण नवऱ्याने नुसते टाकून दिले आहे, त्या बाईने कोणता कागद आणायचा? तो जिवंत आहे, घटस्फोट दिलेला नाही, आधार क्रमांक सांगत नाही. पात्रतेच्या यादीत 'परित्यक्ता' हा शब्द होता. फॉर्म आखताना तो शब्द कोणाच्या लक्षात राहिला नाही.

डेटाबेस आखणाऱ्याला एक साधी गोष्ट शिकवलेली असते. रिकामा रकाना चार प्रकारचा असू शकतो: नाही, माहीत नाही, लागू नाही आणि सांगायचे नाही. या चार गोष्टी वेगळ्या आहेत. 'नवऱ्याचे नाव' हा रकाना सक्तीचा केला की चारही उत्तरे बंद होतात आणि बाईला एक तर खोटे लिहावे लागते किंवा मागे फिरावे लागते.

हे सगळे ऐकून, संगणकापेक्षा जुनी वही बरी, असे कोणाला वाटेल. मला तसे वाटत नाही. रकाने बदलता येतात, आणि काही बदललेही आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यात विवाहित दाम्पत्याला मिळणारा पट्टा दोघांच्या नावे नोंदवायचा असे कायद्यातच लिहिले आहे. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव भागातल्या मैत्रिणींना त्याचे मोल मी सांगायला नको. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डापुरती कुटुंबप्रमुख म्हणून घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी बाई धरली. १९८० च्या दशकात महाराष्ट्रात परित्यक्तांच्या परिषदा झाल्या, मोर्चे निघाले, आणि स्वतःच्या नावाचे रेशनकार्ड ही त्यांची मागणी होती. त्या बायका संगणकाबद्दल बोलत नव्हत्या. पण स्वतःची वेगळी ओळ असावी हीच ती मागणी होती.

आता आपल्या स्वतःच्या वहीकडे वळू. दुसऱ्यांचे फॉर्म तपासताना आपली जीभ धारदार असते. तीच धार इकडेही लागू दे.

सॉफ्टवेअर करणारा माणूस येतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "मॅडम, रिपोर्ट कोणते हवेत?" आपल्याला निधी देणाऱ्या संस्थेचा अहवाल आठवतो आणि आपण सांगतो: किती केसेस आल्या, कोणत्या प्रकारच्या, किती सुटल्या. तो एक लांब तक्ता आखतो. नाव, नवऱ्याचे नाव, गाव, वय, जात, तक्रारीचा प्रकार, निकाल. एका बाईला एक ओळ. काम संपले.

हा तक्ता आपल्या कामाला का पुरणार नाही ते पाहू. समजा, एक बाई वर्षात तीनदा आली आणि तिन्ही वेळा समेट होऊन परत गेली. दर वेळी नवी ओळ केली तर आपल्या अहवालात तीन केसेस सुटल्या असे दिसेल. खरे तर तिच्यावरची हिंसा एकदाही थांबलेली नाही. आपली वही तिच्या माराचे यश करून दाखवते. याला उपाय आहे. बाईची नोंद एकदाच, तिच्या क्रमांकाने. भेटींची यादी वेगळी, प्रत्येक भेट तारखेसह वेगळ्या ओळीत, आणि बाईचा क्रमांक दोन्हीकडे तोच. आपल्या गटातल्या कर्जाच्या पानासारखेच. एक बाई, अनेक भेटी. मग तिसऱ्या भेटीला कार्यकर्तीसमोर आधीच्या दोन्ही भेटी येतात आणि "पुन्हा समजावून पाठवू" असे म्हणण्याआधी ती थांबते.

तक्रारीचा प्रकार एका रकान्यात मावत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक अशी हिंसा मानली आहे. बाई मार खाते, तिची मजुरी काढून घेतली जाते आणि तिला शिव्याही मिळतात, हे सगळे एकाच घरात, एकाच दिवशी. एकच पर्याय निवडायला लावला तर कार्यकर्ती 'मारहाण' निवडते आणि बाकीचे कायमचे पुसले जाते. मग आम्ही म्हणणार, आपल्या भागात आर्थिक हिंसा फारशी नाही.

समोरच्या माणसांची यादीही वेगळी हवी. नवरा, सासू, दीर, क्वचित मुलगाही. एकाच माणसाविरुद्ध दोन बायका दोन वेगळ्या वर्षी येऊ शकतात. नवऱ्याचे नाव बाईच्या ओळीत एक शब्द म्हणून लिहिले तर ते दोन धागे कधीच जुळत नाहीत.

कायद्याची कलमे कार्यकर्तीने हाताने टंकू नयेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. आपल्या तोंडी बसलेले ४९८अ आता कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे. त्याआधीच्या घटनांना जुने कलम, नंतरच्यांना नवे. कलमांची यादी तारखांसह एका जागी असली तर दहा वर्षांची मोजणी एकत्र करता येते. नाहीतर २०२४ च्या जुलैपासून आपल्या वहीत ४९८अ अचानक संपलेले दिसेल.

आणि एक रकाना मी अजून फार कमी वह्यांत पाहिला आहे. बाई पहिल्यांदा आली तेव्हा तिला काय हवे होते? मार थांबायला हवा होता, की पोटगी, की मुले, की नुसते कोणीतरी ऐकून घ्यायला हवे होते? तिच्या शब्दांत लिहा. मग निकालाच्या जागी आपला शब्द नको. तिला हवे होते ते मिळाले का, हे तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी तिलाच विचारून लिहा. 'केस सुटली' हे ठरवण्याचा हक्क तिचा आहे.

आता गुप्ततेबद्दल. हा मुद्दा शोभेचा नाही, यात जीव जाऊ शकतो. कागदाची वही कपाटात असते, ती पाहायला कपाट उघडावे लागते. संगणकावरची वही एका फोनवरून दुसऱ्या फोनवर क्षणात जाते. लहान टोल्यावर राहणाऱ्या बाईचे नाव काढून टाकले तरी गाव, वय, जात आणि मुलांची संख्या एवढ्यावरून शेजारी तिला ओळखतात. म्हणून अहवालात फक्त एकूण आकडे जावेत, ओळी कधीही नाहीत. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख छापणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला, आणि संमती घेऊन माहिती ठेवणे, मागणी केल्यास ती दुरुस्त करणे व पुसणे ही त्यामागची दिशा आहे. पण आपण कायद्याची वाट कशाला पाहायची? आधारची प्रत लागत नसेल तर घेऊच नये. फोनच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने हवेत: हा फोन कोणाच्या हातात असतो, आणि कोणत्या वेळी केला तर चालेल? 'तुमची पुढील तारीख अमुक' असा आपोआप जाणारा संदेश नवऱ्याच्या फोनवर वाजला तर त्या रात्री काय होईल, हे सॉफ्टवेअरवाल्याला सुचणार नाही. आपल्याला सुचायला हवे.

बोलणी करताना एवढे लेखी घ्या. माहितीची मालकी आपली, आणि आपण काम थांबवले तर ती सगळी साध्या तक्त्याच्या रूपात परत मिळणार. मराठी युनिकोडमध्ये टंकलेली असावी. जुन्या फॉन्टमधले मजकूर दुसऱ्या संगणकावर वाचता येत नाहीत, शोधता येत नाहीत. नेट नसताना नोंद करता यावी. प्रत कुठे ठेवली जाते आणि ती कोण पाहू शकते ते नावानिशी माहीत असावे. कार्यालयातल्या प्रत्येकीला सगळे दिसता कामा नये. सल्ला देणारीला तिच्या बायका दिसाव्यात, हिशेब पाहणारीला फक्त आकडे.

आणि पैसे देण्यापूर्वी एक करा. त्या माणसाला, शक्य तर त्या बाईला, एक दिवस आपल्या केंद्रात बसवा. बायकांच्या खोलीत नको, बाहेरच्या बाकावर. नोंद कशी होते, मध्येच रडू आले की वही कशी मिटली जाते, सासरची माणसे आली की काय धावपळ होते, हे पाहू दे. काट्यापाशी उभे राहणे म्हणजे हेच.

दुपारच्या गटचर्चेसाठी प्रत्येक केंद्राने आपल्या वहीचे एक कोरे पान काढावे. भरलेले पान आणू नका. प्रत्येक रकान्यापुढे तीन प्रश्नांची उत्तरे लिहा. हा रकाना कोणाला हवा आहे? तो रिकामा राहिला तर बाईला मदत करायची थांबते का? आणि हे पान तिच्या नवऱ्याच्या हाती पडले तर काय होईल? उत्तरे समाधानाची नसतील तो रकाना खोडून टाका आणि हवा तो नवा आखा. पट्टी आणि पेन्सिल टेबलावर ठेवली आहे.